चौकट का वाजते? विमानतळावर जाताना अंगावर काय घालावं

मावशी पहिल्यांदा विमानात बसणार होती तेव्हा मी तिच्यासोबत होते. सुरक्षा तपासणीच्या रांगेत पुढच्या एका बाईंनी तिला सांगितलं, "सोनं सगळं काढून ठेवा बरं का, नाहीतर वाजतं." मावशीच्या पाटल्या कित्येक वर्षांत हातातून निघाल्या नव्हत्या. तिने उभ्या उभ्या मनगट चोळून त्या काढल्या, मंगळसूत्र काढलं, सगळं रुमालात गुंडाळून उघड्या ट्रेमध्ये ठेवलं. तरी चौकटीतून जाताना लाल दिवा लागला आणि कर्कश आवाज झालाच. मागची रांग टक लावून बघत होती. मावशीचा चेहरा पार उतरला. पडद्याआड तपासणी झाली आणि निघालं काय, तर कमरेला खोचलेला चाव्यांचा जुडगा. रोज तिथेच असतो, म्हणून तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

म्हणजे ज्या सोन्यासाठी तिने हाताची सालं काढली ते काढायची गरज नव्हती, आणि जे सहज काढता आलं असतं ते राहून गेलं. असा गोंधळ मी नंतर अनेकांचा होताना पाहिलाय. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं, छोट्या शहरांतूनही विमानं सुटू लागली आहेत, आणि कितीतरी घरांतली पहिलीच माणसं आता त्या चौकटीसमोर उभी राहणार आहेत. ती चौकट कशाला वाजते आणि कशाला नाही, हे एकदा नीट कळलं तर निम्मी धास्ती तिथेच संपते.

चौकट नेमकं काय करते

या चौकटीचं कागदोपत्री नाव डोअर फ्रेम मेटल डिटेक्टर. आपण तिला चौकटच म्हणू. बरेच जण तिला "एक्स-रे मशीन" म्हणतात, ते चुकीचं आहे. एक्स-रे फक्त शेजारच्या पट्ट्यावरून जाणाऱ्या बॅगांसाठी असतो. माणसांच्या चौकटीत असतं ते चुंबकीय क्षेत्र.

घरात इंडक्शनची शेगडी असेल तर अर्धी गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. तिच्यावर स्टीलचं पातेलं ठेवलं की तापतं, मातीचं बोळकं ठेवलं तर थंडच राहतं. शेगडीच्या काचेखाली तारेचं वेटोळं असतं, त्यातून सतत बदलणारी वीज सोडली की आजूबाजूला सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि त्या क्षेत्रात धातू आला की त्या धातूच्या अंगातच वीज फिरू लागते. बदलतं चुंबकीय क्षेत्र वीज निर्माण करतं, हा मायकेल फॅरेडे यांचा १८३१ सालचा शोध. शेगडी त्या विजेने पातेलं तापवते. चौकट तीच वीज अगदी हलक्या हाताने जागी करते आणि ती जागी झाली की नाही, एवढंच तपासते.

तपासते कसं, ते देवळातल्या घंटेवरून समजून घ्या. घंटेवर टोला दिला आणि हात काढून घेतला तरी ती थोडा वेळ घणघणत राहते. तसाच टोला लाकडी खांबाला दिला तर ठप्प, पुढे काही नाही. चौकटीच्या खांबांमधली वेटोळी सेकंदाला शेकडो वेळा चुंबकीय क्षेत्राचा असा टोला देतात आणि लगेच गप्प होऊन कान देतात. अंगावर नुसतं कापड, चामडं, काच, प्लॅस्टिक, हाड, मांस असेल तर काही ऐकू येत नाही. धातू असेल तर त्यातली वीज टोल्यानंतरही क्षणभर फिरत राहते, तिचं स्वतःचं इवलंसं चुंबकीय क्षेत्र असतं, आणि ते वेटोळ्याला जाणवतं. किती जोरात जाणवलं त्यावर दिवा लागायचा की नाही ते ठरतं.

सोनं चुंबकाला चिकटत नाही, मग ते कसं वाजतं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय, आणि तो रास्त आहे. चिकटणं आणि वाजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाजण्यासाठी धातूतून वीज सहज वाहायला हवी, एवढं पुरतं. त्या बाबतीत चांदी पहिली, मग तांबं, मग सोनं, मग ॲल्युमिनियम. यातलं एकही चुंबकाला चिकटत नाही, पण चौकटीसाठी चौघंही चांगली घणघणणारी. स्वयंपाकघरातल्या स्टेनलेस स्टीलमधून मात्र तांब्याच्या मानाने सुमारे चाळीसपट अवघड वाहते वीज. साध्या लोखंडाची आणि पोलादाची गोष्ट आणखी निराळी. तिथे चुंबकत्वही मदतीला येतं, त्यामुळे लोखंडी वस्तू आकाराच्या मानाने जास्त जाणवते.

पण नुसता धातू कोणता यावर भागत नाही. आकार त्याहून महत्त्वाचा, आणि कपडे निवडताना खरी उपयोगाची गोष्ट हीच आहे.

भोवऱ्याला जागा लागते

धातूत जी वीज फिरते ती भोवऱ्यासारखी गोल गोल फिरते. नदीच्या डोहात भोवरा पडतो, पन्हळीच्या धारेत पडत नाही, कारण फिरायला ऐसपैस जागाच नसते. इथेही तसंच. पट्ट्याचं रुंद बक्कल, हातातलं जाड कडं, सपाट घड्याळ, किल्ल्यांचा जुडगा यांत भोवऱ्याला जागा मिळते. ब्लाउजचे हूक, जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्यावरच्या तांब्याच्या टिकल्या, पँटची चेन, कानातल्या कुड्या यांत मिळत नाही.

यातूनच पुढची गोष्ट निघते. बंद गोल कडं आणि तोंड उघडं असलेलं कडं, वजन तेच, धातू तोच, तरी बंद कडं जास्त वाजतं. कारण त्यात विजेला अख्खी फेरी मारता येते, उघड्यात ती फट आली की थांबते. सांधेदुखीसाठी घालतात ते तांब्याचं कडं बहुधा उघड्या तोंडाचं असतं, त्यामुळे ते दिसतं तेवढं वाजत नाही. पैंजणाला कड्या कड्या असतात. त्या एकमेकींना सैल टेकलेल्या असतात म्हणून वीज अडखळत जाते, आणि तेवढ्याच वजनाच्या चांदीच्या वाळ्यापेक्षा पैंजण गप्प राहतं.

आणि हिरवा चुडा? काचेच्या बांगड्यांतून वीजच वाहत नाही. कोपरापर्यंत चुडा भरलेली नवी नवरी चौकटीखालून गेली तरी त्या बांगड्यांपुरती चौकट मुकी. लग्नानंतर दोन दिवसांनी विमानाने निघालेल्या मुलींना हे कुणीतरी आधी सांगायला हवं. चुडा वाढवायचा की काय या काळजीने त्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिलेत.

जरीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पैठणी नेसून जावं की नाही हा खरा प्रश्न आहे. अस्सल जरीत रेशमी धाग्याभोवती धातूची अतिशय बारीक पट्टी गुंडाळलेली असते, जुन्या पैठणीत ती चांदीची असून वर सोन्याचा मुलामा. आज बाजारात दिसणारी पुष्कळशी जर ही चकचकीत प्लॅस्टिकची असते, तिचा तर प्रश्नच नाही. अस्सल जरीतही धातू केसाहून बारीक, प्रत्येक धागा निराळा, त्यामुळे मोठा भोवरा पडत नाही आणि चौकट सहसा काही म्हणत नाही. मात्र चौकटीनंतर हातात धरायचं छोटं यंत्र अंगावरून अगदी जवळून फिरवतात. ते भरजरी पदरावरून किंवा जरदोसीच्या गच्च कामावरून गेलं तर कुरकुर करू शकतं. कुरकुरलं तर तपासणाऱ्या ताई पदराकडे बघतात आणि पुढे जातात.

उंबरठा आणि बेरीज

अंगावर तसूभरही धातू नाही असा माणूस विरळाच. दातात चांदी असते, बटण असतं, हूक असतो. प्रत्येक वेळी दिवा लागला असता तर रांग हललीच नसती. म्हणून चौकटीला एक उंबरठा ठरवून दिलेला असतो: एवढ्या जोराच्या वर आवाज आला तरच दिवा लाव, त्याखालचं सोडून दे. शस्त्राएवढा धातू सुटू नये आणि हुकासाठी माणूस अडू नये, असा तो मध्य असतो. उंबरठ्याची उंची सगळीकडे सारखी नसते. म्हणून "मुंबईला वाजलं नव्हतं, इथे कसं वाजलं?" याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं की इथला उंबरठा जरा खालचा आहे.

आता बेरीज. घरात एक चमचा पडला तर शेजारच्या खोलीतल्या माणसाला कळत नाही, भांड्यांची पाटी पडली तर तो धावत येतो. पाच-सहा सेफ्टी पिना, अंबाड्यात दहा आकडे, मूठभर नाणी, एक घड्याळ. एकेकटं कुणीच उंबरठा ओलांडत नाही, पण जवळजवळ असले तर सगळे मिळून ओलांडतात. "मी तर काहीच घातलं नव्हतं तरी वाजलं" म्हणणाऱ्या माणसाच्या बाबतीत बहुधा हेच झालेलं असतं. किंवा मग मावशीसारखं, रोजच्या सवयीची एखादी वस्तू.

हल्लीच्या पुष्कळ चौकटी उंचीनुसार पट्ट्यांमध्ये वाटलेल्या असतात. खांबावरचा दिवा ज्या उंचीला लागतो त्याच उंचीला अंगावर धातू आहे असं समजायचं. घोट्याजवळ लागला तर जोडवी, वाळे किंवा बूट, कमरेला लागला तर बक्कल, किल्ल्या, खिसा. पुढच्या वेळी वाजलं तर घाबरून मंगळसूत्राला हात घालण्याआधी दिवा कुठे लागलाय ते बघा.

अवतीभवतीचा धातू चांगल्या चांगल्यांना कसा चकवतो याचं एक दुःखद उदाहरण आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात राहिली आणि डॉक्टरांना ती सापडेना. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच तत्त्वावर चालणारं एक यंत्र घाईने बनवलं आणि अध्यक्षांच्या अंगावरून फिरवलं. यंत्र गुणगुणत राहिलं, पण गोळीची जागा काही कळेना. रुग्ण पोलादी स्प्रिंगच्या गादीवर झोपलेला होता हे नंतर लक्षात आलं. शिवाय गोळी उजव्या अंगाला आहे अशी मुख्य डॉक्टरांची खात्री, म्हणून शोध तिकडेच चालला. ती निघाली डावीकडे. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. यंत्राचं तत्त्व बरोबर होतं, शेजारचा धातू नडला.

मग घालायचं काय

साडीच नेसायची असेल तर खुशाल नेसा. साडीत, परकरात, नाडीत धातू नाही. धातू असतो तो पिनांत. पदराला एक, निऱ्यांना एक, एवढ्यावर भागवा, किंवा खांद्यावरच्या निऱ्या आदल्या रात्री कच्च्या टाक्याने शिवून घ्या. माझी आई प्रवासाला निघताना अशीच करायची, एसटीने जायची तेव्हाही, कारण पिन गर्दीत टोचते. नऊवारी नेसणाऱ्यांनी काष्टा पिनांवर न पेलता गाठीवर पेलावा. जुन्या बायका तशीच नेसत.

केसांकडे मात्र खास लक्ष द्या, कारण तिथला धातू आपल्या डोळ्यांना दिसत नाही. अंबाडा किंवा खोपा घातला की त्यात सहज दहा-पंधरा लोखंडी आकडे जातात आणि सगळे एकाच ठिकाणी जमतात. साधी वेणी घालावी, किंवा प्लॅस्टिकचा मोठा चिमटा लावावा. त्यातली छोटी स्प्रिंग नगण्य. गजऱ्याला नुसता दोरा असतो, तो बिनधास्त माळा.

ज्या गोष्टीबद्दल बायका एकमेकींनाही विचारायला संकोचतात तीही सांगून टाकते. तार असलेल्या ब्रेसिअरमधली तार बारीक पोलादाची असते. चौकट तिला बहुतेक वेळा सोडून देते, पण हातातलं यंत्र तिथे हमखास वाजतं आणि मग त्या जागी हाताने चाचपून बघणं आलं. ते नको असेल तर प्रवासाच्या दिवशी बिनतारेची घालावी. पोट आवळणाऱ्या घट्ट अंतर्वस्त्रांत कधी पोलादी काड्या असतात, तीही त्या दिवशी नकोत.

पुरुषांचं सोपं आहे. पट्टा. निम्म्याहून जास्त पुरुष पट्ट्यामुळे अडतात असं मी डोळ्यांनी पाहून सांगते. इलॅस्टिकची किंवा नाडीची पँट घाला, नाहीतर पट्टा रांगेत शिरण्याआधीच काढून बॅगेत टाका. गावाकडच्या वडीलधाऱ्यांचा लेंगा-सदरा किंवा धोतर याबाबतीत उत्तम. पण सदऱ्याच्या आत एक गोष्ट असते जी आपण विसरतो: करदोडा. कंबरेभोवतीचा चांदीचा करदोडा म्हणजे सगळ्यात चांगला वीजवाहक धातू आणि कंबरेएवढं वेटोळं. काळ्या दोऱ्याचा असेल तर काही नाही. चांदीचा असेल तर चौकट वाजू शकते, हे आजोबांना घरीच सांगून ठेवा, म्हणजे तिथे सदरा वर करताना त्यांना ओशाळं वाटणार नाही.

खिसे घरीच रिकामे करा. किल्ल्या आणि नाणी सगळ्यांना आठवतात. गोळ्यांची पाकिटं कुणाला आठवत नाहीत. त्यांच्या पाठीला ॲल्युमिनियमचा सपाट कागद असतो, आणि सपाट म्हणजे भोवऱ्याला ऐसपैस जागा. तंबाखूची पुडी, चुन्याची डबी यांचंही तेच. चंचीतला अडकित्ता तर धारदार वस्तू म्हणून हातातल्या सामानात चालतच नाही, तो मोठ्या बॅगेत जाऊ दे.

पायात काय हे विचारलंत तर मी कोल्हापुरी म्हणेन. खरी कोल्हापुरी चप्पल चामड्याच्याच वादीने शिवलेली असते, तिच्यात खिळा नसतो. स्वस्तातल्या नकलेत खिळे ठोकलेले सापडतात, उलटून पाहिलं की कळतं. खेळाचे कापडी बूटही चांगले. ऑफिसच्या चामडी बुटांच्या तळव्यात, पावलाच्या कमानीखाली, आकार टिकावा म्हणून पुष्कळदा पोलादी पट्टी घातलेली असते, बाहेरून तिचा पत्ताही लागत नाही. उंच टाचांच्या सँडललाही तसंच. लहान मुलांच्या लुकलुकणाऱ्या बुटांत बॅटरी आणि तारा असतात.

मग सोनं काढायचं की नाही

माझं मत स्पष्ट आहे: जे सहज निघत नाही आणि ज्यात जीव अडकलेला आहे, ते अंगावरच राहू द्या. मंगळसूत्राच्या दोन वाट्या लहान, काळे मणी काचेचे, तार बारीक. नेहमीच्या बेताच्या मंगळसूत्राने चौकट क्वचित वाजते, आणि वाजली तर तपासणाऱ्या ताईंना मंगळसूत्र म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. पाटल्या, तोडे, गोठ हे जाड आणि बंद गोल, ते वाजू शकतात. वाजले तर हात पुढे करून दाखवायचे. भारतातल्या तपासणीत एवढं पुरतं.

सोनं काढून उघड्या ट्रेमध्ये ठेवणं ही मात्र मोठी चूक. ट्रे पुढे सरकतो, तुम्ही इकडे रांगेत अडकलेल्या असता, आणि पलीकडे गर्दी आपापलं सामान उचलत असते. काढायचंच असेल तर घरी काढा, पर्समधल्या चेनच्या कप्प्यात ठेवा, आणि पर्स बंद करूनच पट्ट्यावर द्या.

सगळं सांभाळलं तरी शेवटी तपासतातच, मग उपयोग काय?

खरं आहे. आपल्याकडे बहुतेक विमानतळांवर चौकट गप्प राहिली तरी हातातलं यंत्र फिरवून प्रत्येकाची तपासणी होतेच. बायकांची पडद्याआड, बायकांकडूनच. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला येणारं इंडियन एअरलाइन्सचं विमान अपहरण करून कंदाहारला नेलं गेलं, त्यानंतर विमानतळांची सुरक्षा राज्य पोलिसांकडून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे देण्याचं ठरलं. फेब्रुवारी २००० मध्ये सुरुवात जयपूरपासून झाली. खाकीतले ते जवान दिवसभर एकाच ठिकाणी उभं राहून हेच करत असतात.

तरी उपयोग आहे. हातातल्या यंत्रात वेटोळं छोटं असतं आणि ते अंगापासून चार बोटांवर फिरतं, म्हणून ते जीन्सच्या बटणालाही वाजतं. जवानाला ते माहीत असतं. त्याला शोधायची असते ती न कळणारी गोष्ट. अंगावर दोनच ठिकाणी धातू असेल तर तो दोन ठिकाणी बघून तुम्हाला सोडतो, बारा ठिकाणी असेल तर बारा ठिकाणी हात लावणं भाग पडतं. परक्या माणसाचा हात अंगाला किती लागावा हे बऱ्याच अंशी आपल्याच हातात राहतं, आणि संकोची माणसासाठी ही लहान गोष्ट नाही.

गुडघा बदललाय, पेसमेकर बसवलाय

बदललेल्या गुडघ्यात आणि खुब्यात कोबाल्ट-क्रोमियमसारखा मिश्रधातू भरपूर असतो, तो पुष्कळदा वाजतो. त्याला कपड्यांचा इलाज नाही. डॉक्टरांचं पत्र जवळ असावं, पण पत्र दाखवलं म्हणून तपासणी चुकत नाही, फक्त वाजण्याचं कारण पटकन कळतं. सैल पायाची सलवार किंवा लेंगा घातला तर व्रण दाखवणं सोपं जातं. दातातले टायटॅनियमचे खुंट मात्र लहान असतात आणि त्यांतून वीज कशीबशी वाहते, त्यांची काळजी नको.

पेसमेकर असलेल्यांनी रांगेत पुढे गेल्यावर आधीच सांगावं आणि कार्ड दाखवावं. नेहमीच्या चालीने चौकटीतून जायला हरकत नसते, तिथे रेंगाळू नये, टेकून उभं राहू नये, आणि हातातलं यंत्र छातीवर धरू देऊ नये. हाताने तपासा असं सांगता येतं.

गरोदर मुलींच्या मनात किरणांची भीती असते. चौकटीत आणि हातातल्या यंत्रात एक्स-रे नाही. आहे ते घरातल्या विजेच्या उपकरणांसारखं सौम्य चुंबकीय क्षेत्र.

परदेशातल्या काचेच्या कक्षाचं काय?

मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या आईबाबांना हे वेगळं सांगावं लागतं, कारण तिथे वर दिलेले निम्मे नियम उलटे होतात. तिथे बहुतेक ठिकाणी काचेच्या गोल कक्षात हात वर करून उभं करतात. तो बॉडी स्कॅनर. सुमारे एक सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी कपड्यातून आरपार जातात आणि कातडीवर आपटून परत येतात. मध्ये कातडीऐवजी दुसरं काही आलं, मग ते धातूचं असो की नसो, पडद्यावरच्या माणसाच्या ठोकळ आकृतीवर त्या जागी चौकोन उमटतो. आपला फोटो दिसत नाही.

हे यंत्र झपाट्याने पसरलं यामागे कारण आहे. २५ डिसेंबर २००९ रोजी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एकाने अंतर्वस्त्रात स्फोटक भुकटी शिवून आणली होती. तिच्यात धातू नव्हता, चौकटीला ती कळणं शक्यच नव्हतं. सुदैवाने स्फोट फसला.

या यंत्रासमोर प्रश्न धातूचा नसून जाडीचा. एकावर एक आलेल्या निऱ्या, काष्टा, कमरेची नाडीची जाड गाठ, टिकल्यांचं काम, गच्च अंबाडा, फेटा यांवर चौकोन उमटू शकतो आणि मग तिथे हाताने तपासतात. म्हणून त्या प्रवासाला साधा, अंगाबरोबरचा पंजाबी ड्रेस किंवा पँट-कुर्ता आईला घालायला लावा, नाडीऐवजी इलॅस्टिक, केसांची सैल वेणी. साडीच हवी असेल तर तीही चालते, थोडा वेळ जास्त धरा. स्कॅनरमध्ये उभं राहायचं नसेल तर अमेरिकेत हाताने तपासणी मागता येते. बूट काढण्याची तिथली जुनी सक्ती जुलै २०२५ मध्ये उठली. आपल्याकडे दिल्लीला अशा स्कॅनरच्या चाचण्या झाल्या आहेत, तेव्हा पुढेमागे इथेही हीच सवय लावून घ्यावी लागेल.

मावशी गेल्या वर्षी पुन्हा विमानाने गेली. सुती साडी, पदराला एक पिन, हातात पाटल्या आणि त्यांच्या मागे-पुढे काचेच्या बांगड्या, पायात कोल्हापुरी. चाव्यांचा जुडगा तिने घरातून निघतानाच पर्समध्ये टाकला आणि चेन ओढल्यावर ती मला दाखवली. चौकट वाजली नाही. पडद्याआड यंत्र मनगटाशी वाजलं, मग पायाशी. "जोडवी आहेत का आजी?" असं आतल्या ताईंनी विचारलेलं मला बाहेर ऐकू आलं. मावशीने साडी बोटभर वर करून दाखवली असणार, कारण लगेच पडदा सरकला आणि ती बाहेर आली.